वासण्याच्या वाटेवरचं ‘आहे’

या गं, जरा जवळ सरकून बसा. अशी लांबून, एक डोळा टीव्हीवर ठेवून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी थोडं रागावून घेते — मागच्या आठवड्यात त्या साताऱ्याच्या बाईंनी इथे ग्रुपवर आपला अनुभव लिहिला, तर खाली किती जणींनी तिची टिंगल केलीत. नातीने मला सगळं वाचून दाखवलं. बरं नव्हे हे. माणूस धीर करून काही सांगतं तर निदान ऐकून घ्यावं... हसायचं ते मग घरी जाऊन हसावं.

खरं तर मी तुमच्याच पंगतीतली. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं — यातलं काहीही मी जन्मात मानलं नाही. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तेव्हा मी तोंडात पदर धरून हसायची. त्यामुळे आता सांगते ते... बघा बाई, तुम्हीच काय ते ठरवा.

काळ सयाजीराव महाराजांचा, त्यांच्या राज्याची शेवटची काही वर्षं. आम्ही रावपुऱ्यात राहायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आखाडा. बडोद्यात तेव्हा जिथे जाल तिथे आखाडा, पण आमच्या आखाड्यात सकाळी मुलींचाही वर्ग भरायचा — लाठी, लेझीम, धावणं. शिकवणारे मास्तर महाराजांच्या पलटणीतून निवृत्त झालेले. आवाज असा की तालमीत ‘सावधान’ म्हटलं तर रस्त्यावरचा टांगेवाला ताठ व्हायचा.

गणपती गेले की आखाड्याची वासण्याची शर्यत असायची. तिघातिघांची टोळी. रावपुऱ्यातून निघायचं, काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून विश्वामित्रीचा पूल, मग स्टेशन, रेल्वेचं फाटक, पुढे शेतांतला कच्चा रस्ता थेट वासण्यापर्यंत. तेव्हा वासणा म्हणजे बंगले नव्हेत हो, खेडं होतं. गावाच्या भागोळीला, म्हणजे वेशीशी, एक वड, त्याला हात लावून परत. जाऊन-येऊन आठ-नऊ मैल तर सहज. आणि नियम असा, की तिघांनी हातात हात घालून आखाड्याचा उंबरा ओलांडला तरच धाव पुरी. एक जरी कमी, तर बाकीचे दोघे वाऱ्यासारखे आले तरी धाव फुकट.

त्या वर्षी पहिल्यांदा मुलींची टोळी उतरली — मी, चंपा आणि कुसुम. आखाड्याच्या वडीलधाऱ्यांना मुलींचा वर्ग डोळ्यांत खुपत होता. त्यांनी मास्तरांना सांगून टाकलं होतं, पोरी धाव पुरी करून आल्या तर वर्ग चालू, नाही तर उद्यापासून घरी पोळ्या लाटतील.

चंपा वाडी भागातल्या पोळातली, म्हणजे गल्लीतली, गुजराती. घेरदार चणिया, म्हणजे घागरा, घालून पळता येईना म्हणून माझ्या आईचं जुनं नऊवारी नेसून आली होती, कासोटा चारदा सुटायचा. कुसुम शिलेदाराच्या घरातली, उंच, सगळ्यांत दमदार. मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलेलं. तिच्या आईने निघताना माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, “इंदू, हिला मागे ठेवताय ते ठेवा. पण मागे सोडू नका. मला माझी पोर धड परत हवी.”

मागे ठेवताय म्हणजे काय, ते सांगते. मास्तरांची पलटणीतली पद्धत होती. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही. वळलं की दम मोडतो, पाय चुकतो, एकाने पाहिलं की सगळेच थांबतात. त्याऐवजी पुढच्याने मधून मधून विचारायचं — “मागे?” सगळ्यांत मागच्याने उत्तर द्यायचं — “आहे!” मधल्याने तोंड उघडायचं नाही. एवढ्यावर अख्खी पलटण अंधारातून नेलीय म्हणायचे मास्तर. पुढे मी, मध्ये चंपा, मागे कुसुम. आम्हाला वर्षभर असं घोटवलं होतं की स्वयंपाकघरातून पाणी आणतानासुद्धा मी वळून पाहत नसे.

सकाळी निघालो तेव्हाच आभाळ भरून आलं होतं. मास्तर म्हणाले, “पाऊस आला तर काय कराल?”

चंपा म्हणाली, “भिजेंगे, मास्तर.”

“आणि नदीतली मगर रस्त्यावर आली तर?”

“तर पहिला नंबर आमचाच,” कुसुम म्हणाली.

काय सांगू तुम्हाला, त्या सकाळचा आनंद! पहिल्यांदाच भर रावपुऱ्यातून, दुकानदारांच्या देखत, आम्ही मुली उघड्या रस्त्याने धावत होतो. कुणी हसत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. काळ्या घोड्यापाशी एका फुलवालीने तीन शेवंतीची फुलं फेकली. अंगात नुसता वारा भरला होता. फाटकापाशी फाटकवाले काका हातात हिरवं निशाण धरून उभे, म्हणाले, “दोडो दीकरी, दोडो!” फाटकापुढे गेलो आणि धुवांधार सुरू झालं.

थोड्या वेळाने समोरून, आमच्या आधी निघालेल्या मुलांच्या दोन टोळ्या परत येताना दिसल्या. “फिरा मागे, ओढ्याला पाणी चढतंय,” त्यांच्यातला एक ओरडला. ओढा म्हणजे आमच्या बडोद्याकडची कांस, रस्ता तिच्यातूनच जायचा, तळाला दगड बसवलेले. चंपाने त्याला विचारलं, “केटलं पाणी?” तो म्हणाला, घोट्याच्या वर. चंपा हसत सुटली. “एना माटे पाछा? एवढ्यासाठी मागे फिरलात? तुमच्या आईला सांगते हं.” आम्ही पुढे गेलो. ओढा पार केला, वासणा गाठलं, वडाला हात लावला. कुसुमने तर वडाला मिठीच मारली.

परत फिरलो तेव्हा मात्र पावसाने रूप बदललं. वारा समोरून, थेंब तोंडावर खड्यांसारखे. माझ्या पुढचा हातभर रस्ता दिसेना. दोन्ही बाजूला कपाशीची शेतं पाण्याखाली, रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते पायालाच कळायचं. मी विचारलं, “मागे?”

“आहे!”

स्पष्ट. माझ्या मागे चार पावलांवर. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. मी दगड चाचपत पार झाले, मागे चंपा “अंबे मा, अंबे मा” करत आली. मी विचारलं, “मागे?” — “आहे!” आवाज थोडा दमलेला, पण कुसुमचाच. घोगरा, शेवटी जरा वर जाणारा. मी कशाला वळून पाहते?

फाटकापाशी काका गुमटीतून, आपल्या केबिनीतून, डोकं काढून म्हणाले, “अली, त्रण गयेली ने बे ज पाछी आवी?” तिघी गेलेल्या, दोघीच कशा परतल्या, म्हणून.

चंपा म्हणाली, “काका, चश्मा करावी लो.” आणि मी त्यांच्यादेखत मुद्दाम मोठ्याने विचारलं, “मागे?”

“आहे!”

“सांभळ्यू? ऐकलंत ना?” चंपा ओरडली, आणि आम्ही निघालो. काका तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत राहिले, एवढं मला आठवतं.

पुलावर नदी दोन्ही काठ भरून चाललेली, लाल, भोवरे फिरवत. तिथे माझा दम संपला. छातीत कळ आली. पुलापासून पुढे मी एक शब्द बोलले नाही, नुसते पाय उचलत राहिले. हे लक्षात ठेवा बरं का... पुलापासून पुढे मी हाक मारलेली नाही.

आखाड्यापाशी ढोल सुरू झाला. छत्र्या घेऊन अर्धा रावपुरा गोळा झालेला. मी हात मागे पसरले, एकात चंपाचा हात आला. दुसरा हात रिकामाच.

मास्तर म्हणाले, “कुसुम कुठाय?”

तेव्हा मी पहिल्यांदा वळून पाहिलं. पावसात भिजलेला रिकामा रस्ता. दूरवर एक टांगा उभा, बस्स. ढोल थांबला. कुसुमची आई उंबऱ्यावरून खाली उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. अजूनही डोळे मिटले की ती नजर दिसते मला.

“आत्ता तर होती,” चंपा रडायला लागली. “फाटकावर बोलली ती. में सांभळ्यू ना!”

मास्तरांनी टांगा घेतला, आम्ही दोघी मागे बसलो. पूल ओलांडला. फाटकापुढे रस्ता पाण्याखाली गेलेला, घोडा पुढे जाईना. काकांना विचारलं, तर त्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, तुम्ही ‘मागे’ म्हणालात ते ऐकलं, उत्तर कुणीच दिलं नाही. दोघी वेड्यासारख्या हसत निघून गेलात. मला वाटलं, तिसरी गावात थांबली असेल.

मास्तर टांग्यातून उतरून पाण्यात शिरले. आम्ही दोघी त्यांच्यामागे. ओढ्याच्या बाजूने नुसता घोंघाट येत होता, पाणी गर्जत होतं. मनात म्हटलं, संपलं. आता हिच्या आईला काय तोंड दाखवायचं?

आणि त्या पांढऱ्या पावसातून ती आली. कमरेपर्यंत चिखल, एक पाय ओढत, हातात बाभळीची काठी. आणि चेहऱ्यावर काय, तर राग.

“इंदे, किती ओरडशील? कान किटले माझे. देतेय ना उत्तर मी दर वेळी!”

मास्तरांनी तिला धरलं. हळूहळू तिने सांगितलं. वासण्याहून निघाल्या निघाल्या, पहिल्या वळणावरच खड्ड्यात पाय मुरगळला आणि ती पडली. वाऱ्यात तिची हाक आम्हाला पोचली नाही. उठून बघते तर आम्ही नाही. रस्ता दिसेना, पाणी चढत होतं. बाभळीखाली बसून रडत होती. तेवढ्यात अगदी जवळून, चार पावलांवरून माझा आवाज आला — “मागे?” तिला वाटलं, आहेत इथेच, पावसात दिसत नाहीत. ती “आहे” म्हणाली, काठी घेतली आणि आवाजामागे चालायला लागली. आवाज थांबला की थांबायची, आला की त्या दिशेने पाऊल टाकायची. शेतात भरकटली नाही, एकदाही नाही.

“आणि ओढा कसा पार केलास?” मास्तरांनी विचारलं.

“हिने सांगितलं की. ‘डावीकडे राहा, डावीकडे राहा’ म्हणून. मी डावीकडून आले. पाणी छातीपर्यंत होतं, पण दगड लागत होते.”

मी मास्तरांकडे बघितलं. पोरींनो, मी तसं काही म्हणालेच नव्हते. आम्ही ओढा उतरलो तेव्हा मधूनच उतरलो, डावं-उजवं काहीच नव्हतं. आणि तिच्या सांगण्यावरून हिशेब लावला, तर ती ओढ्यात होती तेव्हा मी पूल ओलांडून रावपुऱ्याच्या बाजूला, तोंड मिटून, छाती धरून पळत होते.

मास्तर म्हणाले, चल टांग्यात बस. तर ही बया म्हणते, “टांग्यात बसले की धाव मोडली. उंबरा कशासाठी आहे मग?” किती समजावलं... छे. एक हात माझ्या खांद्यावर, एक चंपाच्या. फाटकापासून रावपुऱ्यापर्यंत लंगडत, हसत, रडत आलो तिघी. चंपाचा कासोटा पुन्हा सुटला, तो मास्तरांनी मान वळवून उभं राहून नीट करू दिला. काळ्या घोड्यापाशी पोचलो तर ढोलवाला समोर चालत आला. सगळा रावपुरा रस्त्यावर. उंबरा तिघींनी मिळून ओलांडला. कुसुमच्या आईने तिला आधी एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. त्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही पुढे वर्गाबद्दल शब्द काढला नाही.

पाऊस ओसरल्यावर मास्तर स्वतः ओढा बघून आले. उजव्या बाजूचे दगड पार वाहून गेले होते, तिथे पुरुषभर खोल डोह झाला होता. डावीकडची एक पट्टी तेवढी शिल्लक. गाववाले म्हणाले, तुमच्या दोन मुली गेल्यानंतर लगेचच खचलं ते. मास्तरांनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, “इंदू, खरं सांग, कुणाला सांगितलं होतंस डावीकडे राहा?” मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. पण पुढे नव्या मुलींना तो नियम शिकवताना जरा थांबायचे, घसा साफ करायचे.

आमचा नातजावई इंजिनिअर. तो म्हणतो, आजी, इको असेल, वाऱ्याने आवाज लांब जातो. बरं, गेला. पण वारा समोरून होता ना रे? माझा आवाज मागे गेला म्हणू, तिचा माझ्याकडे कसा आला? आणि फाटकवाल्या काकांना कसा नाही आला? आणि जे मी बोललेच नाही, त्याचा इको कुठला? तो म्हणतो, विचार करून सांगतो. अजून करतोय.

चंपा शेवटपर्यंत म्हणायची, माताजी होती. दर नवरात्रात कुसुमच्या नावाने गरब्यात एक दिवा जास्त ठेवायची. चंपा गेली त्याला बरीच वर्षं झाली. कुसुम इंदूरला सुनेपाशी असते. मी तिला विचारलं, तर म्हणते, “माताजी-बिताजी काही नाही, तूच होतीस. तुझा आवाज मला कळत नाही होय?” फोन आला की आम्ही हॅलो म्हणत नाही. मी विचारते, “मागे?” आणि ती एवढ्या लांबून... आता कानांनी फारसं ऐकू येत नाही तिला, तरीसुद्धा दर वेळी बरोबर म्हणते, “आहे.”

मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि या वयात मिळेल असंही वाटत नाही. मिळालं नाही तरी चालेल. तुम्ही मात्र या गं बडोद्याला, लवकर या. रावपुऱ्यात कुणालाही विचारा, आमचा जिना दाखवतील. जिना काळोखा आहे आणि मला आता खाली उतरता येत नाही. पहिल्या पायरीवरून फक्त ‘मागे?’ म्हणून हाक मारा... मी वरून उत्तर देईन.