कुणाच्या पैशातून

माझ्या आत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं लोखंडी कपाटाच्या खणात चिरडली गेली, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. कपाट तिच्याच ऑफिसातलं होतं, आणि खण आत ढकलणारा माणूस बारा वर्षं तिच्याकडे टॅक्स भरायला येत होता.

लोक तिला फॉर्मताई म्हणायचे. औषधांच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकलेलं चार खणांचं कपाट, एवढाच तिचा संसार. लग्न केलं नाही. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, पट्ट्याने मारायचे. माझ्या बाबांना रडतात म्हणून मारायचे आणि तिला रडत नाही म्हणून मारायचे. घरात एक पुरुष पाहिला तेवढा पुरे, असं ती म्हणायची, आणि विषय बदलायची.

तिच्याकडे नोकरदार यायचे, पेन्शनर यायचे, चार शेअर घेऊन रोज भाव बघत बसणारे यायचे. समजावून सांगण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. शेअर नुसते पडून असतील तर भाव कितीही चढला तरी टॅक्स नाही, विकले की त्या वर्षी नफा दाखवायचा. एकात फायदा आणि दुसऱ्यात खड्डा झाला असेल तर खड्डाही सांगायचा, कारण तो फायद्यातून वजा होतो. माणसं नफा लपवतात हे तिला कळायचं, पण तोटा लपवणाऱ्यांवर ती वैतागायची. म्हणायची, "तोटा काय दागिना आहे कडीकुलपात ठेवायला?"

आणि प्रत्येक गुंतवणुकीपुढे तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. हे कुणाच्या पैशातून घेतलंत? कारण नवऱ्याची कमाई मोठी असली की तो बायकोच्या नावावर गुंतवणूक करायचा, म्हणजे तिच्या नावावर टॅक्स कमी बसेल. तसं चालत नाही, असं आत्या सांगायची. नाव कुणाचंही असो, पैसा ज्याचा, त्यावरचं उत्पन्न त्याचं. पैसा खरोखर बायकोचा असेल तरच ते तिचं.

खण ढकलणारा तो माणूस, कवळीवाला, या प्रश्नाला कधी अडखळला नाही. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा. नखांत प्लास्टर, अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. स्वतःचं रिटर्न भरायचा आणि बायकोचंही घेऊन यायचा. बायको घरी पडदे आणि गणवेश शिवायची. तिच्या नावावरचे शेअर तिच्याच शिवणकामाच्या पैशातून घेतलेत, असं तो दरवर्षी लिहून द्यायचा, खाली सही करायचा. बायकोची सही घरून करून आणायचा. बारा वर्षांत आत्याने त्या बाईचं तोंड पाहिलं नव्हतं. ही माझी चूक, असं तिने पुढे कोर्टातही सांगितलं.

तेराव्या वर्षी कवळीवाल्याने त्यातले निम्मे शेअर विकले. रक्कम मोठी होती, म्हणून जिच्या नावावर शेअर आहेत तिने स्वतः येऊन फॉर्म भरणाऱ्यासमोर सही करावी, असा टॅक्स ऑफिसचा निरोप आला. तो बायकोला घेऊन आला.

बाई बारीक होती. अंगठ्याला सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. आत्याने सगळ्यांपुढे करते तसा कागद तिच्याकडे फिरवला आणि ओळीवर पेन्सिल ठेवत सांगितलं, हे तुमचे शेअर, एवढे विकले, हा नफा, त्यावर हा टॅक्स.

बाईने विचारलं, "माझे?"

नवरा हसला. हसत हसत त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. तो हात तिथून हलला नाही, हे आत्याला दिसलं. दिसूनही ती बोलली.

"तुमचेच. तुमच्या कमाईतून घेतलेत, असं यांनीच बारा वर्षं लिहून दिलंय."

बाई हळू आवाजात म्हणाली की शिलाईचे पैसे तर ती दर महिन्याला यांच्या हातात देत होती. घरभाड्याला कमी पडतात, असं ते सांगायचे. मग तिने सही केली आणि दोघं जिना उतरून गेली.

घरी पोचल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, की भाड्याला गेलेले पैसे शेअरमध्ये कसे आले. कवळीवाल्याने आधी दार लावलं. मग शिवणयंत्राच्या टेबलावरची कपडे कापायची मोठी कात्री मुठीत उलटी धरून तिच्या तोंडावर मारली. दोन दात जागीच पडले. ती खाली पडल्यावर त्याने लाथ घातली आणि जबडा मोडला. शेजारी आले तेव्हा तो पडलेले दात फरशीवरून उचलत होता. बायको यंत्रावर आपटली, असं त्याने दवाखान्यात सांगितलं. तिला तर बोलताच येत नव्हतं.

अकराव्या दिवशी बाई एकटीच आत्याच्या ऑफिसात आली. जबडा तारेने बांधलेला, एक गाल निळा, सुजलेला. तिने वहीच्या कागदावर लिहिलं, माझे कागद बघायचे आहेत. आत्याने काही विचारलं नाही. बाराच्या बारा वर्षांच्या प्रती काढून तिच्या हातात दिल्या. ती आता बहिणीकडे राहत होती, म्हणून पत्ता बदलल्याचा फॉर्मही भरून घेतला आणि तिसऱ्या खणात ठेवला. मग तिला रिक्षात बसवून वर आली. आपण तोंड उघडलं आणि तिचं मोडलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

चार दिवसांनी दुपारी कवळीवाला आला. आल्या आल्या त्याने दाराची कडी लावली. त्याला जुन्या फाइली हव्या होत्या, त्याच्या हातची पत्रं असलेल्या. आत्याने मुकाट्याने काढून दिल्या. तिला शौर्य दाखवायचं नव्हतं, आणि त्याच कागदांचा एक संच टॅक्स ऑफिसात आहे, हे त्याला सांगायचीही तिला गरज वाटली नाही. त्याने फाइली टेबलावर टाकल्या आणि विचारलं, "ती कुठे आहे?"

माहीत नाही, असं आत्या म्हणाली. त्याने कानाखाली मारली. चष्मा भिंतीवर आदळला. मग तो स्वतःच कपाट उपसायला लागला. पहिला खण, दुसरा खण, कागद जमिनीवर. तिसरा खण उघडला आणि आत्याचा हात आपोआप पुढे गेला. तिथे काहीतरी आहे, हे त्याला तेवढ्यावरून समजलं. त्याने तिचं मनगट खणाच्या काठावर दाबून धरलं आणि खण आत ढकलला.

हाड मोडल्याचा आवाज आपण आधी ऐकला आणि दुखलं नंतर, असं तिने मला सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. माहीत नाही, असंच ती म्हणाली. पुन्हा ढकलला. तिसऱ्या वेळी त्याने पायाने रेटा दिला आणि खण ज्यावर सरकतो ती पट्टी वाकली. खण अडकला, आत्याचा हात आत आणि पत्त्याचा कागदही आत. तो दोन्ही हातांनी ओढायला लागला, शिव्या देत. खण ना पुढे येईना ना मागे जाईना.

तेव्हा ती ओरडली. लहानपणापासून पहिल्यांदाच, असं माझे बाबा म्हणतात. खालचा औषधवाला शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन वर धावला आणि खांद्याने कडी उचकटून आत शिरला. कवळीवाल्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. औषधवाला वाकला, पण वाकता वाकता आकडा कवळीवाल्याच्या पायांत अडकवून त्याने त्याला आडवा पाडला. पडताना कवळीवाल्याचा धक्का कपाटाला बसला, खण हलला आणि आत्याचा हात सुटला.

तिने डाव्या हाताने टेबलावरचं कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन उचललं, दीड किलोचं, बिडाचं. खाली बसली आणि कवळीवाल्याच्या तोंडावर मारलं. दुसऱ्या फटक्याला त्याने हात वर केले. तिसऱ्याला ते खाली पडले. चौथा फटका त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. औषधवाल्याने तिचा दंड धरला नसता तर पाचवाही बसला असता.

तिची दोन बोटं कापावी लागली, तिसरं कायमचं ताठ राहिलं. कवळीवाल्याच्या गालाचं हाड फुटलं आणि तो डोळा गेला.

वकिलाने तिला सल्ला दिला, की घाबरून गेले होते, किती वेळा मारलं ते आठवत नाही, असं सांगा. आत्या साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली की चार वेळा मारलं, आणि चौथ्याची गरज नव्हती. तिला दंड झाला, आणि फॉर्म भरायचा परवाना दीड वर्षासाठी गेला. कवळीवाल्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

शेअर कुणाचे, हा खटला वेगळा चालला. पैसे सगळे आपलेच होते, बायकोचं नुसतं नाव लावलं, असं तो म्हणाला. यावर टॅक्स ऑफिसच्या एका अधिकारी बाईंनी त्याच्याच सह्यांची बारा पत्रं पुढे ठेवली आणि शांतपणे समजावलं, की पैसे तुमचे असतील तर बारा वर्षांची रिटर्नं खोटी, म्हणजे सगळ्या वर्षांचा टॅक्स, व्याज, वर दंड आणि खोटं लिहून दिल्याबद्दल नवा खटला. पैसे तिचे असतील तर यातलं काहीच नाही. मग आता सांगा, कुणाच्या पैशातून घेतले?

त्याने उरलेल्या डोळ्याने पत्रांवरच्या आपल्या सह्या पाहिल्या. मग म्हणाला, "तिच्या."

बाहेर बाकावर त्याची बायको आणि आत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाईला दोन नवे दात बसवलेले होते, शब्द अजून जड यायचे. आत्याला वाटलं होतं, ती आभार मानेल. मला तिने हे कबूल केलं, आणि कबूल करताना तिला लाज वाटली.

बाई म्हणाली, "त्या दिवशी त्याला बाहेर पाठवून मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," आत्या म्हणाली.

"तुम्हाला त्याचा हात दिसला होता."

"दिसला होता."

बाईचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती उठून आत गेली.

परवाना परत मिळाल्यावर आत्याने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. नवरा-बायकोला तिने पुन्हा कधी एका वेळी बोलावलं नाही. दोघांना वेगवेगळे दिवस द्यायची आणि बायकोला आधी बोलवायची. काही नवरे चिडून दुसरीकडे गेले. तिने त्यांना अडवलं नाही, पण गेलेल्यांच्या बायकांना मात्र स्वतः जाऊन गाठायची, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी, कुठेही, आणि उभ्या उभ्या विचारायची, तुमच्या नावावर काय काय आहे, माहीत आहे का?