तंबूची जागा

बरगीच्या तळ्याच्या उत्तर काठावर मी गुरं चारतो. एकदा शहरातला एक माणूस तिथं तंबूला जागा शोधत होता. चार पावलं चालायचा, डोळे मिटून उभा राहायचा, मान हलवून पुढं जायचा.

"काहून हिंडून राहिला, भैया? टेकाडावर लाव. सारं तळं दिसते."

या हिंदी मुलखात सवयीनं मराठीत बोललो, तर तोही मराठीच निघाला. "काका, बायकोला दिसत नाही. तिला पाणी ऐकू आलं पाहिजे."

शाळा मी दुसरीतच सोडली, पण या काठावर माझा शब्द कोणी मोडत नाही. तरी त्याला खाली पाण्याकडची वाट दाखवली.

त्यानं खाली तंबू ठोकला आणि हात धरून तिला गाडीतून आणलं. तिनं जरा वेळ कान दिला.

"अजून थोडं खाली चला न जी."

त्यानं हसत खुंट्या उपटल्या.