एडामावशीच्या ओठांवरचं वाक्य

एडामावशी पडद्यावर दिसणार म्हणून आमच्या अख्ख्या गल्लीने तिकिटं काढली होती. आणि ती दिसलीच नाही. तरी मी सांगते, तो सिनेमा तिचाच!

इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरणीत एकोणचाळीस वर्षं माग चालवून मावशीचे कान पार गेले होते. पण गिरणीत कान हवेत कुणाला? त्या खडखडाटात आम्ही विणकरणी आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलतो. चार माग पलीकडची भानगडसुद्धा कळते. एकसष्ट साली लंडनची माणसं एका कादंबरीवरचा सिनेमा काढायला आमच्या गिरणीत आली आणि त्यांनी मावशीला नायिकेच्या शेजारच्या मागावर उभं केलं. मावशीचे पाय जमिनीला लागेनात. केस कुरळे करून घेतले, गल्लीभर सांगून झालं.

प्रसंग असा, की नायिका मैत्रिणीला सांगते, आपल्याला दिवस गेलेत. मागांच्या आवाजात ऐकू काहीच येणार नव्हतं, म्हणून ती नटी नुसतीच मासोळीसारखी तोंडाची उघडमीट करत होती.

मावशीने माग बंद केला. चालू कॅमेऱ्यासमोर!

"ही काही बोलतच नाहीये!" ती ओरडली. बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज कुठला?

दिग्दर्शक हसला. "बाई, कुणाला कळणार आहे?"

"आमच्या बायकांना! पोरीच्या जन्माचं वाटोळं झालंय आणि थेटरात सगळ्या खिदळतील. चालेल तुम्हाला?"

त्याने वळून नटीकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "शिकवा तिला. पण तुमचे ओठ तिला समोर दिसायला हवेत. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यामागे. चित्रात नाही."

मावशीने केसांवरून हात फिरवला. पलीकडच्या मागावर मी होते, पण माझ्याकडे बघितलंही नाही. "चालेल," म्हणाली. गल्लीत मात्र आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नाही.

थेटरात तो प्रसंग आला. नटीचे ओठ हलले : मला दिवस गेलेत गं, आणि तो पळालाय. तीनशे बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. रुमाल बाहेर आले. माझा नवरा मला कोपराने ढोसतोय, "काय झालं? काय म्हणाली?"

मावशीला यातलं काही ऐकू आलं नाही. तिने ओठांनीच विचारलं, "कळलं का गं सगळ्यांना?"

"सगळ्यांना," मी ओठांनीच सांगितलं. "पुरुष सोडून."

"त्यांना कधी काय कळलंय!" मावशी म्हणाली, आणि ते मात्र सगळ्या थेटरला ऐकू गेलं.