अण्णांची मागची सीट

लेकरांच्या मनापर्यंत पोचलेला आमच्या साखरा गावातला एकमेव बाप म्हणजे अण्णा, आमचे वडील, असं मी ठामपणे सांगू शकतो. पोचायला ते मोटारसायकल वापरत.

घरात कुणी रडायला लागलं की अण्णांना बसवत नसे. ताटावरून उठत, टॉवेल खांद्यावर टाकत आणि किक मारत. "चाल, विहिरीवरची मोटर बघून येऊ." लाइट गेलेली असे, मोटर बंदच असणार; तरी रडणाऱ्याला मागं बसावंच लागे. "बसून रडलं की मुरतंय," असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरातली दुःखं गावाला अशीच कळत. पारावरून कुणीतरी ओरडेच, "अण्णा, आज कोन रडून राहिलं?" अण्णा हॉर्न वाजवत.

एकदा शाळेत शहरातून समुपदेशक आले. मुलासमोर बसावं, डोळ्यांत पाहावं, शांतपणे ऐकावं, असं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. अण्णांना पटलं. कबड्डीच्या संघातून वगळल्यामुळं मी तेव्हा रुसलो होतो. अण्णा माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"बोल."

मी जमिनीवर रेघोट्या ओढत राहिलो.

"बोल की, लेकरा."

त्यांचा गुडघा हलायला लागला. "असं टक लावून बघितल्यावर चोर बी बोलत न्हाई," म्हणत ते उठले. आम्ही मोटर बघायला गेलो.

बारावीच्या वर्षी ताई नांदेडच्या क्लासवरून न सांगता घरी आली. तिनं डॉक्टर व्हायचं, हे सगळ्यांनी ठरवलेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आई म्हणाली, "समद्यांची लेकरं राहतात, हिलाच काहून तकलीफ?" मामांनी फोनवरून जिद्दीवर भाषण दिलं. तिला परत पाठवणार, यात कुणालाच शंका नव्हती. अण्णा अंगणात नुसते फेऱ्या मारत होते. शेवटी त्यांनी गाडी काढली.

"चाल, सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे आणू."

अण्णा माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. ताई त्यांच्याकडं बघतच राहिली, आणि उठली.

संध्याकाळी दोघं परतले. मासे अर्थातच नव्हते. ताईचे डोळे सुजले होते, पण ती पोटभर जेवली. अण्णा उभ्याउभ्याच आईला म्हणाले, "उद्या नांदेडला जाऊन हिचं सामान आणतो. पोरगी परत जाणार न्हाई." आईनं घर डोक्यावर घेतलं. अण्णा सामान घेऊन आले. ताई हिंगोलीत शिकली, आता सेनगावला शाळेत गणित शिकवते, आणि बरी आहे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शोकसभेत मामांनी त्या दिवसाचा दाखला दिला. "लेकीचा शब्द न् शब्द काळजावर कोरून घेणारा असा पिता," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

ताई माझ्याकडं झुकली.

"वाऱ्यात कायबी ऐकू आलं न्हाई, असं मला अण्णाच म्हणाले होते," ती म्हणाली. "मी तर फक्त पंधरा दिवसांची सुट्टी मागत होते."