गायकवाडांचा लॅपटॉप आणि मोळीचा दिवस

साखर कारखान्यात साखरेपेक्षा चिपाड जास्त निघतं आणि कारखान्याच्या ऑफिसात कामापेक्षा किस्से. चिपाड निदान बॉयलरमध्ये जाळता येतं, किस्से नुसते साठत जातात. नगर जिल्ह्यातल्या ज्या कारखान्याच्या शेतकी विभागात मी कारकुनी केली, त्याचं नाव सांगत नाही. अजून याच भागात राहायचंय. पण नव्वदच्या दशकातला तो लॅपटॉपचा हंगाम सांगतोच.

*

गायकवाड आमच्या लॅबमधले केमिस्ट. हुशार, पण हंगामी. धुराडं पेटलं की नोकरी सुरू, विझलं की घरी. त्यांचं लग्नही तिथंच अडलेलं. मुलीच्या वडिलांचं म्हणणं, "मुलगी बारा महिने जेवते, जावई सहा महिने कमावतो. कसं जमायचं?"

गायकवाडांनी चेअरमनना गाठलं. त्यांना सगळे दादा म्हणत. साखरेच्या उताऱ्याचा हिशेब कॉम्प्युटरवर करून दाखवतो म्हणाले.

दादा म्हणाले, "मोळीच्या दिवशी समद्या सभासदांम्होरं दाखव. चाललं तर कायम करतो."

गाळप सुरू करताना पाहुण्यांच्या हातून उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात, तो मोळीचा दिवस. तेवढीच मुदत.

*

लॅपटॉप पुण्याच्या चुलतभावाचा, जुना. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, तरी गायकवाड रोज देवळाली प्रवराहून मोपेडवर यायचे, तो तान्ह्या बाळासारखा पुढ्यात धरून. एक दिवस चेहरा पाडून बसले.

"भाऊसाहेब, ह्यात मॅथ कोप्रोसेसर नाही."

"म्हणजे काय नाही?"

"गणिताची वेगळी चिप. ती नसली की अपूर्णांक आला रे आला, हे बाकीचं सोडून हातचे धरत बसतं."

"मग अकाउंट्सला पाठवा," मी म्हटलं. "तिथं रुळेल लवकर."

*

लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचा, याला कंपाईल करणं म्हणतात, हे आम्ही सगळे शिकलो. गायकवाड बटण दाबत, लाल दिवा लुकलुकू लागे आणि सगळं ऑफिस कॅन्टीनला जाई. चहा होई, भजी होत, परत यावं तर दिवा लुकलुकतोच आहे. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. वीज रोज जायची.

पुढं तो शब्द ऑफिसात रुळला. टेबलावर डोकं टेकलेल्या एकाला साहेबांनी हटकलं, तर डोळे न उघडता म्हणाला, "कंपाईल चाललंय साहेब."

*

खंडेनवमीला आमचे शिपाई बबनराव हळद-कुंकू घेऊन निघाले. टाइपरायटर झाले, वजनकाटा झाला, जीप झाली. लॅपटॉपवर कंपाईल अगदी शेवटाला आलेलं. बबनरावांनी मनोभावे कुंकवाचं बोट कीबोर्डवर टेकवलं. भक्ती जरा जोरात होती. काम जागच्या जागी रद्द.

"बबनराव, काय केलंत हे?" गायकवाड ओरडले.

"कुंकू लावलं साहेब. समद्यास्नी लावलं, ह्याला न्हाई लावलं तर रुसंल."

"रुसलंच की!"

बबनराव शांतपणे म्हणाले, "मंग नारळ फोडायचा ऱ्हायला आसंल."

*

मोळीचा दिवस आला. मांडव भरला. गायकवाड खुशीत, कारण भावाच्या पुण्याच्या नव्या मशीनवर प्रोग्राम झटक्यात कंपाईल करून त्यांनी फ्लॉपीवर आणलेला. मांडवाच्या कोपऱ्यात लावून बघितला आणि पहिल्याच अपूर्णांकाला लॅपटॉप गोठला. पुण्याच्या मशीनमध्ये गणिताची चिप होती. प्रोग्राम तिला शोधत बसला.

"इथंच परत कंपाईल करायला लागेल," गायकवाड पांढरे पडले. "चिपशिवाय चालव असं सांगून. तेवढा वेळ काढा भाऊसाहेब."

सूत्रसंचालन माझ्याकडं. म्हटलं, काळजी नको, दादांचं भाषण आहे. दादांचं भाषण संपेपर्यंत पाळण्यातलं पोर शाळेत घालण्याएवढं मोठं होई. त्या दिवशी मात्र दादांचा घसा बसलेला. दोन वाक्यं बोलून ते खाली बसले आणि कोपऱ्याकडं बोट केलं.

दिवा लुकलुकत होता.

मी माइक ओढला. "तत्पूर्वी सत्कार!" पाहुण्यांचा सत्कार केला, संचालकांचा केला. मग माजी संचालकांचा, पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा, मांडववाल्याचा. बबनरावांच्या हातातलं तबक ओढून बबनरावांनाच शाल घातली. दिवा लुकलुकतोच आहे. सभासदांना जिलबीचा वास लागलेला. तबकात एकच शाल उरली आणि कार्यक्रमपत्रिकेत एकच ओळ, "कॉम्प्युटर".

मी गायकवाडांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. अजून नाही.

"आणि आता," मी म्हणालो, "आजपासून कारखान्याच्या सेवेत कायम झालेले आपले केमिस्ट, श्रीयुत गायकवाड यांचा सत्कार दादांच्या शुभहस्ते!"

टाळ्यांनी मांडव हलला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मुलीचे वडील पहिल्या रांगेत होते, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दादा उठले. गायकवाडांना शाल घातली, नारळ दिला, फोटोला हसले. हसता हसताच माझ्या कानाशी आले.

"भाऊसाहेब, ह्ये कवा ठरलं?"

"आत्ताच दादा. सर्वानुमते."