रेषा संपली तिथून

माझ्या बाबांनी गावच्या तलावात तीस वर्षं मासे धरले, पण मला कधी वल्ह्याला हात लावू दिला नाही. "तू वही धर," एवढंच म्हणायचे. त्यामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. आता गोंदियाला नोकरी करतो, फुलचूरला भाड्यानं राहतो. हे सगळं त्यांच्यामुळे. पण तलावकाठी वाढूनही मला डोंगा चालवता येत नाही, हे सांगताना अजून ओशाळायला होतं.

बाबांच्या मोतीबिंदूमुळे दोन वर्षं डोंगा काठावर पालथा पडून होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पाण्यावर जायला परवानगी दिली, तेव्हा हिवाळ्यातल्या एका शनिवारी गावी जाऊन मी म्हटलं, उद्या नुसतं फिरून येऊ.

"जाळं नाही, कायी नाही. मंग कायले जाचं?"

"मजा म्हणून, बाबा."

"मजेसाठी डोंगा," असं म्हणून ते हसले. पण सकाळी माझ्याआधी तयार होते.

माय तयार नव्हती. "एक डोळा आत्ता सुधरला, दुसरा बाकी हाय. काऊन नेऊन राहिला त्यायले?"

मी तिला मोबाईल दाखवला. एका अ‍ॅपमध्ये हवामान होतं: आकाश स्वच्छ, वारा मंद. दुसऱ्यात आपण गेलो ती वाट रेषेसारखी उमटते आणि तिच्यावरून परत येता येतं. "सुखरूप आणतो," मी म्हणालो.

मी मागवलेली दोन लाइफ जॅकेट बाबांनी उलटीपालटी करून पाहिली. "हे का होय? बैलाची झूल?" मग स्वतःचं जॅकेट घडी करून बुडाखाली घेतलं आणि वल्हं मारू लागले. दोन वर्षांनी मारत होते, तरी पाण्याचा आवाजही होत नव्हता. मी त्यांचे फोटो काढत बसलो. बरंच आत गेल्यावर आठवलं, रेषेचं अ‍ॅप चालू करायचं राहिलंच. तेव्हा चालू केलं.

सूर्य वर आला आणि धुकं दाटलं. पाण्यातूनच निघाल्यासारखं. हवामान अ‍ॅपनं सांगितलेलं आकाश गोंदिया शहराचं होतं, आमच्या तलावाचं नव्हतं. आधी पलीकडचा काठ गेला, मग डोंग्याचं टोक. बाबा वल्हं थांबवून बसले.

"मले एवढंच दिसून राहिलं, का माह्या डोळ्यालेच झालं?"

"मलाही दिसत नाही, बाबा."

बुडाखालचं जॅकेट काढून त्यांनी अंगात घातलं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

नेटवर्क नव्हतं. नकाशा उघडलाच नाही, नुसत्या करड्या पडद्यावर एक निळी रेषा आणि आमचा ठिपका. मी ठिपक्याकडे पाहून सांगत होतो, "डावीकडे. थोडं अजून. आता सरळ." ज्यांनी मला वल्ह्याला हात लावू दिला नाही ते बाबा माझ्या सांगण्यावरून वल्हं मारत होते. ठिपका रेषेवरून हळूहळू मागे सरकत होता.

मग रेषा संपली.

"पोचलो का?"

"नाही. मी उशिरा चालू केलं होतं. इथून पुढचं यात नाही."

वाटलं, आता मला बोलतील. ते म्हणाले, "चूप बस थोडा."

आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो. आणि समोरून, जरा उजवीकडून, ठण ठण आवाज आला. माझ्या लहानपणी बाबा धुक्यात अडकले की माय घाटावर उभी राहून थाळी वाजवायची. मी ते पार विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

बाबांनी मला विचारलंही नाही. वल्हं फिरवलं आणि आवाजाकडे निघाले. थोड्या वेळानं घाटाची पायरी डोंग्याला लागली, आणि माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. दोरी मायनंच बांधली.

ती बाबांच्या जॅकेटकडे पाहत राहिली. "घातलं का शेवटी?"

"थंडी होती," बाबा म्हणाले.

घाटावरच तिनं मला विचारलं, रेषा होती तर एवढा वेळ काऊन लागला. मी खरं ते सांगितलं. तिनं चेमटलेली थाळी पदरानं पुसली.

"आता जासाल तं इथूनच चालू करजो," ती म्हणाली. "पायरीवरून."