आईचं इंजेक्शन आणि माझा चढता आलेख

आधी कबूल करा, आईसमोर हा विषय काढायचा नाही! मगच माझी फजिती सांगतो.

माझं काम काय, तर इथे नाशकात घरी बसून कॉम्प्युटरवर औषधांचं गणित मांडायचं. औषध शरीरात किती दिवस टिकतं, कुठे चिकटतं, कधी संपतं. त्या दिवशीचं औषध प्रथिनाचं होतं. सूज भडकवणारं सायटोकाइन नावाचं द्रव्य रक्तात गाठायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

आकडे टाकले, आलेख काढला आणि उडालोच. औषध दिल्यावर सायटोकाइन कमी व्हायला हवं ना? इथे ते सरळ छताला टेकलेलं!

मी जरा थांबलो का? छे! सगळ्या टीमला लाल अक्षरांत मेल ठोकला: 'औषध उलटं काम करतंय!'

आणि मग आठवलं. आईचं सांध्यांचं इंजेक्शन याच जातीचं! आणि ती आत्ता त्यासाठीच गंगापूर रोडला दवाखान्यात! आमची फुलशेती; आखडलेली तिची बोटं त्या इंजेक्शनमुळेच पुन्हा शेवंती खुडायला लागली होती.

लगेच तिला फोन लावला.

"आई, इंजेक्शन घेऊ नकोस! सूज वाढते त्यानं!"

"अरे, सुई भरली बी त्यांनी. मला तर लय गुण हाय याचा."

"नको म्हणतो ना!"

आई घाबरली. पण एकटी घाबरेल ती माझी आई कसली? त्याच इंजेक्शनसाठी बसलेल्या बायकांना तिनं सांगितलेलं फोनमधून ऐकू आलं, "बायांनो, थांबा! माझा पोरगा यातलाच शास्त्रज्ञ हाय, तो नको म्हणतोय!" पाठोपाठ खुर्च्या सरकल्याचे आवाज.

डॉक्टरांनी फोन घेतला. मी घाम पुसत सगळं सांगितलं.

"एक सांगा," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मोजलंय ते एकूण सायटोकाइन की मोकळं?"

फाइल पाहिली. रकान्यावर स्पष्ट लिहिलेलं: एकूण!

"अहो, औषधानं धरलेलं सायटोकाइन लवकर बाहेर पडत नाही, रक्तातच साठतं. म्हणून एकूण वाढतं. त्रास देणारं मोकळं मात्र कमी होतं. म्हणजे औषध काम करतंय. बरोबर?"

"बरोबर," मी पुटपुटलो.

"मग हेच आईंना सांगा. उठून चाललेल्या बाकीच्या चौघींनाही. स्पीकर लावतो."

सांगितलं बाबा! आईनं इंजेक्शन घेतलं, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

तेवढ्यात बॉस मॅडमचं उत्तर आलं, सगळ्या टीमला. मजकूर काहीच नाही, नुसती शिकवणीची एक स्लाइड जोडलेली: 'एकूण आणि मोकळं यांत गल्लत, ही नवशिक्यांची नेहमीची चूक.'

खाली स्लाइड बनवणाऱ्याचं नाव होतं. माझं!